ला साल आणि चुकलेलं मुख : टेक्सासमधल्या फ्रेंच वसाहतीचा प्रकरण अभ्यास

जुलै १६८४ मध्ये फ्रान्सच्या ला रोशेल बंदरातून चार जहाजं निघाली. त्यांवर जवळपास तीनशे माणसं होती. त्यात सैनिक, खलाशी, सुतार, गवंडी, पाद्री, व्यापारी होते आणि लेकराबाळांसकट काही कुटुंबंही होती. मेक्सिकोच्या आखातात मिसिसिपी नदीच्या मुखाशी जाऊन तिथे वसाहत उभी करायची, असं ठरलं होतं. प्रत्यक्षात ही माणसं उतरली ती मुखापासून साडेसहाशे किलोमीटरांहून अधिक पश्चिमेला, आजच्या टेक्सासमधल्या माटागोर्डा खाडीत. पावणेपाच वर्षांनी स्पॅनिश शोधपथक त्यांच्या वस्तीवर पोचलं तेव्हा तिथे जिवंत माणूस नव्हता.

मोहिमेचा प्रमुख होता रने-रोबेर काव्हलिए, म्हणजे इतिहासात ला साल या नावाने ओळखला जाणारा शोधप्रवासी. त्याची गोष्ट बहुधा दोन तऱ्हांनी सांगितली जाते. एक म्हणजे दैवाने दगा दिलेला थोर पुरुष, दुसरी म्हणजे गर्वाने बुडालेला हेकट माणूस. मला दोन्ही अपुऱ्या वाटतात, कारण दोन्हींत फक्त ला सालच दिसतो, त्याच्या भरवशावर आलेली माणसं दिसत नाहीत. निर्णय एकेक करून तपासले की वेगळंच काही हाती लागतं. चूक प्रत्येक टप्प्यावर सुधारता आली असती. पण ती सुधारू शकेल अशा माणसाला ला सालने बहुतेक वेळा आधीच दूर ठेवलेलं होतं.

माणूस आणि त्याची तयारी

ला सालचा जन्म १६४३ सालचा, नॉर्मंडीतल्या रुआं शहरातला. घर सधन व्यापाऱ्याचं. तरुणपणी तो जेझुइट या कॅथलिक पाद्र्यांच्या पंथात शिरला, शपथा घेतल्या आणि १६६७ मध्ये त्यातून सुटका मागून बाहेर पडला. मोठा भाऊ झाँ काव्हलिए पाद्री होता आणि माँट्रियलला होता, म्हणून हाही त्याच वर्षी कॅनडात आला. माँट्रियल बेटावर त्याला जमीन मिळाली. दोनच वर्षांत ती विकून तो पश्चिमेच्या शोधाला लागला.

गव्हर्नर काउंट फ्राँतनाक याचा त्याच्यावर वरदहस्त होता. त्याच्या पाठिंब्याने ला सालला ऑन्टारिओ सरोवराच्या काठचा फ्राँतनाक किल्ला आणि सरदारकी मिळाली. १६७८ मध्ये चौदाव्या लुईने पश्चिमेचा प्रदेश शोधण्याची सनद दिली. खर्च मात्र ला सालने स्वतः करायचा होता, आणि तो बीव्हरच्या कातड्यांच्या व्यापारातून काढायचा होता. इथून त्याच्यामागे कर्जाचा ससेमिरा लागला. १६७९ मध्ये त्याने नायगराच्या वरच्या अंगाला ‘ग्रिफों’ नावाचं जहाज बांधलं. कातडी भरून परत पाठवलेलं ते जहाज वाटेतच नाहीसं झालं. पुढच्या वर्षी इलिनॉय नदीवरच्या त्याच्या किल्ल्यात माणसांनी बंड केलं, लूट केली आणि ती पळून गेली. इतकं होऊनही ला साल शेकडो मैल बर्फातून, चिखलातून पायी तुडवत परत आला, नवं कर्ज काढलं आणि पुन्हा निघाला. त्याची चिकाटी निर्विवाद आहे. ती नुसती वाचतानाही दडपण येतं.

१६८२ मध्ये या चिकाटीला फळ आलं. २३ फ्रेंच, १८ मूलनिवासी पुरुष, त्यांच्या काही बायका आणि मुलं, एवढ्या लोकांसह तो होड्यांतून मिसिसिपी उतरत गेला आणि ९ एप्रिल १६८२ रोजी मुखाजवळ खांब रोवून सगळं खोरं त्याने फ्रान्सच्या राजाच्या नावे केलं. राजाच्या नावावरून त्या प्रदेशाला लुइझियान म्हटलं. तिथे राहणाऱ्या लोकांना कुणी विचारलं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

त्या प्रवासात काय जमलं ते नीट पाहायला हवं, कारण दोन वर्षांनी नेमकं तेच नव्हतं. माणसं थोडी होती. पाण्याला आणि रानाला सरावलेले लोक बरोबर होते. वाटेतल्या प्रत्येक गावात विचारपूस करत, भेटी देत, वाटाडे घेत ते पुढे गेले. आणि आंरी द तोंती होता. एक हात लढाईत गमावलेला हा इटालियन वंशाचा अधिकारी ला सालचा उजवा हात होता. माणसं सांभाळण्याचं जे कसब ला सालकडे नव्हतं, ते त्याच्याकडे होतं. १६८४ च्या मोहिमेत तोंती नव्हता. तो वर इलिनॉयमध्ये होता.

पॅरिसमधला प्रस्ताव

फ्राँतनाकच्या जागी आलेल्या नव्या गव्हर्नराने ला सालचे किल्ले काढून घेतले, तेव्हा तो फ्रान्सला गेला. स्पेनशी तेव्हा युद्धाची परिस्थिती होती. मिसिसिपीच्या मुखावर तळ केला, तर तिथून मेक्सिकोच्या उत्तरेकडच्या चांदीच्या खाणींवर चाल करता येईल आणि त्यासाठी हजारो मूलनिवासी योद्धे उभे करता येतील, असा मनसुबा त्याने दरबारात मांडला. त्याने दोन जहाजं मागितली होती, राजाने चार दिली.

हा प्रस्ताव खाणींच्या जवळ असल्याशिवाय विकला जाणारा नव्हता. त्यामुळे नकाशावर नदीचं मुख पश्चिमेकडे सरकलं. ला सालने मुद्दाम खोटं सांगितलं, असं काही अभ्यासक म्हणतात. मला तसं वाटत नाही. १६८२ मध्ये त्याने मुखाशी घेतलेला अक्षांश सुमारे दोन अंशांनी दक्षिणेला होता. आखाताचा उत्तर किनारा बऱ्यापैकी सरळ पूर्व-पश्चिम जातो आणि टेक्सासपाशी दक्षिणेला वळतो. मुख इतकं दक्षिणेला असेल, तर ते वळणाच्या पुढे, पश्चिमेकडेच असलं पाहिजे, हा निष्कर्ष त्या आकड्यावरून सरळ निघतो. रेखांश मोजण्याची सोय त्या काळी कुठल्याच जहाजावर नव्हती. म्हणजे चूक प्रामाणिक होती. अडचण एवढीच की ही चूक त्याच्या फायद्याची होती, आणि फायद्याची चूक माणूस सहसा पुन्हा तपासून पाहत नाही. ऑगस्ट १६८४ मध्ये, जहाजं निघाल्यानंतर लगेचच, फ्रान्स आणि स्पेन यांच्यात तह झाला. मोहिमेचं लष्करी कारणच त्यामुळे संपलं.

समुद्रावर

चार जहाजं अशी होती : ३६ तोफांचं लढाऊ ‘जोली’, मालवाहू ‘एमाब्ल’, राजाने दिलेलं छोटं ‘बेल’ आणि ‘सें-फ्रांस्वा’ नावाचं गलबत. जोलीचा कप्तान बोझ्यू हा आरमारातला मुरलेला दर्यावर्दी. समुद्रावर जहाजाचा हुकूम त्याचा, मार्ग आणि जमिनीवरचा कारभार ला सालचा, अशी वाटणी झाली होती. ही वाटणी कागदावरच बरी दिसते. निघण्याआधीच बोझ्यू वरिष्ठांना तक्रारीची पत्रं लिहीत होता, की आपल्याला कुठे जायचंय तेसुद्धा हा माणूस धड सांगत नाही.

या सगळ्या प्रकरणाची किल्ली मला इथे दिसते. ला सालला गुपित राखायची कारणं होती. स्पॅनिशांना सुगावा लागू द्यायचा नव्हता, आणि कॅनडात त्याला दगा देणारे लोक खरोखरच भेटले होते. पण ज्याला किनारे, प्रवाह आणि खोली वाचता येते, अशा एकमेव माणसाशी तो चर्चा करेना. नदीवर ला साल तरबेज होता. समुद्रावर तो नवशिका होता आणि ते मान्य करणं त्याला जमलं नाही.

पुढे संकटांची रांग लागली. हैतीजवळ सें-फ्रांस्वा स्पॅनिश चाच्यांनी पकडलं. पती-ग्वाव्ह बंदरात ला साल तापाने इतका आजारी पडला की वाचेल की नाही अशी अवस्था होती. काही माणसं तिथेच पळाली. नोव्हेंबरच्या अखेरीस जहाजं पुन्हा निघाली. आखातातला प्रवाह जहाजांना पूर्वेकडे जोरात ओढतो असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून ते मुद्दाम पश्चिमेकडे झुकून चालले. जानेवारी १६८५ मध्ये किनारा दिसला तेव्हा मुख कधीच मागे पडलं होतं.

माटागोर्डा खाडी पाहून ला सालने ठरवलं, की हीच मिसिसिपीची एक शाखा असणार. २० फेब्रुवारीला एमाब्ल खाडीत आणताना ते वाळूच्या दांड्यावर रुतलं. ला साल त्या वेळी किनाऱ्यावर होता. त्याच्या काही माणसांना स्थानिक लोक घेऊन गेले होते, त्यांना सोडवायला तो निघाला होता. एमाब्लचा कप्तान एग्रों याने जहाज ओढून नेऊ दिलं नाही, दुसऱ्या जहाजावरचा सुकाण्या घेतला नाही. हे मुद्दाम केलं असा आरोप झाला आणि फ्रान्समध्ये परतल्यावर त्याला तुरुंगात टाकलं. जहाजासोबत ४ तोफा, १,६२० गोळे, ४०० हातबाँब, लोखंड, शिसं, बहुतेक अवजारं, लोहारकामाची भट्टी आणि जवळजवळ सगळी औषधं गेली.

मार्चमध्ये जोली परत निघालं. त्याबरोबर शंभराहून अधिक माणसं मायदेशी गेली. मागे उरली सुमारे १८०. बोझ्यूने तोफा आणि तोफांची दारू दिली, पण तोफेचे गोळे जहाजाच्या तळाशी होते, ते निघाले नाहीत. वस्तीकडे आठ तोफा होत्या आणि त्यांत घालायला गोळा नव्हता.

होड्या आणि वैर

किनाऱ्यावर कारांकावा लोक राहत होते. एमाब्लमधून वाहून आलेलं सामान, त्यात काही कांबळी, त्यांनी उचलली. समुद्राने किनाऱ्यावर टाकलेली वस्तू उचलणाऱ्याची, ही समजूत जगातल्या कितीतरी किनाऱ्यांवर आहे. ला सालने ती परत आणायला माणसं पाठवली. त्यांत त्याचा भाचा मोरांझे होता. या तरुणांनी झोपड्यांत शिरून सामान काढून घेतलं आणि येताना होड्याही पळवल्या. त्याच रात्री बाणांचा वर्षाव झाला. दोन फ्रेंच मेले, मोरांझे जखमी झाला. तिथून पुढे वस्ती संपेपर्यंत हे वैर मिटलं नाही.

‘बेल’चा सांगाडा १९९५ मध्ये टेक्सासच्या पुरातत्त्वज्ञांना सापडला. १९९६–९७ मध्ये त्याच्याभोवती बंधारा घालून आतलं पाणी उपसलं आणि कोरड्या तळावर उत्खनन केलं. आत काचेचे लाखो मणी, पितळी अंगठ्या, कुऱ्हाडीची पाती असा देवाणघेवाणीचा माल मिळाला. तो आज ऑस्टिनच्या संग्रहालयात मांडलेला आहे. म्हणजे रीतसर सौदा करून होड्या घेता येतील एवढी सामग्री मोहिमेकडे होती. १६८२ मध्ये नदीवर ला सालने स्वतः हेच केलं होतं. १६८५ मध्ये तो सोबत सैनिक घेऊन आला होता आणि हुकूम मोरांझेच्या हाती दिला होता.

वस्ती नंतर आत, गार्सितास नावाच्या ओढ्याकाठी हलवली. एमाब्लची लाकडं ओढत नेऊन घरं बांधली. सुतार म्हणून भरती केलेल्यांना सुतारकाम येत नव्हतं, अशी नोंद झुतेलने केली आहे. हा ला सालच्याच गावचा, त्याच्याशी एकनिष्ठ, आणि या काळाचा आपला सर्वांत भरवशाचा साक्षीदार. पेरलेलं बियाणं आलं नाही. पाणी वाईट, काम अति, हगवण सुरू. उन्हाळा सरता सरता निम्म्याहून अधिक माणसं गेली.

बेल बुडाल्यावर

ऑक्टोबर १६८५ पासून ला साल नदी शोधायला निघू लागला. आधी तो पश्चिमेकडे गेला. बेल जहाज खाडीत नांगरून ठेवलं आणि आपण परत येईपर्यंत हलायचं नाही असा हुकूम दिला. त्याच्यावरची चांगली माणसं एकेक करून मेली, प्यायचं पाणी संपलं, आणि १६८६ च्या सुरुवातीला उत्तरेकडच्या वादळी वाऱ्यात अडाणी हातांनी हाकलेलं जहाज खाडीपलीकडच्या वाळूवर चढलं. सहा जण वाचून वस्तीवर आले.

हे जहाज म्हणजे समुद्राकडचं शेवटचं दार होतं. ते असेपर्यंत हैतीला जाऊन मदत आणणं शक्य होतं, किंवा किनाऱ्याने पूर्वेकडे जाऊन मुख शोधणंही. वर्षभर ते दोन्हींपैकी कशालाच वापरलं गेलं नाही, कारण मदत मागणं म्हणजे आपण चुकीच्या जागी उतरलो हे कबूल करणं होतं. झुतेलने हे असं म्हटलेलं नाही, हा माझा तर्क आहे. दुसरं पटणारं कारण मला सापडत नाही.

त्याच सुमारास एप्रिल १६८६ मध्ये तोंती आपली माणसं घेऊन मिसिसिपी उतरत खऱ्या मुखापर्यंत आला होता. दोन्हीकडचा किनारा धुंडाळूनही कुणी दिसेना. अखेर त्याने ला सालसाठी एक पत्र तिथल्या एका टोळीच्या प्रमुखाकडे ठेवलं आणि परत गेला.

पूर्वेकडच्या स्वारीत ला साल पूर्व टेक्सासमधल्या हसिनाई लोकांपर्यंत पोचला. तिथे त्याला घोडे आणि धान्य मिळालं, पण बरोबर नेलेल्या वीस माणसांपैकी आठच परतली. हरवलेल्यांत द्यूओ नावाच्या व्यापाऱ्याचा भाऊ होता. या द्यूओने मोहिमेत स्वतःचे पैसे गुंतवले होते.

१९ मार्च १६८७

जानेवारी १६८७ मध्ये ला साल सतरा जणांना घेऊन शेवटच्या वेळी निघाला. आता पायी इलिनॉय गाठायचं आणि तिथून मदत आणायची. वस्तीत वीस-पंचवीस माणसं उरली, त्यांत सगळ्या बायका आणि बरीच मुलं.

दोन महिन्यांनी पूर्व टेक्सासमध्ये एका तुकडीला पुरून ठेवलेलं धान्य आणायला पाठवलं. निका या शॉनी टोळीतल्या शिकाऱ्याने वाटेत दोन रानगवे मारले. मांस सुकवताना मज्जेची हाडं आणि चांगले तुकडे त्या माणसांनी स्वतःसाठी ठेवले, तशी रीतच होती. मोरांझे तिथे आला, शिव्या दिल्या आणि सगळं मांस ताब्यात घेतलं. त्या रात्री वैद्य लिओतोने झोपेत असलेल्या मोरांझेला, निकाला आणि ला सालच्या नोकराला कुऱ्हाडीने मारलं. निका इतकी वर्षं या लोकांना जगवत होता. त्याच्या मरणाबद्दल फार कमी लिहिलं जातं. भाच्याचा तपास करत ला साल आला तेव्हा उंच गवतात दबून बसलेल्या द्यूओने त्याला डोक्यात गोळी घातली. वय ४३. मारेकऱ्यांनी कपडे काढून घेऊन प्रेत तसंच टाकलं. पुढे थोड्याच आठवड्यांत द्यूओ आणि लिओतोही आपल्याच साथीदारांकडून मारले गेले.

त्यानंतर जे झालं ते मला खुनाहून जास्त अस्वस्थ करतं. झुतेल, ला सालचा पाद्री भाऊ आणि आणखी काही जण चालत सप्टेंबर १६८७ मध्ये इलिनॉयच्या किल्ल्यात पोचले. तोंतीशी भेट झाली तेव्हा ला साल सुखरूप आहे, असं भावाने सांगितलं, आणि त्याच्या नावावर कातडी उचलून फ्रान्सची वाट धरली. वस्ती त्या वेळी जिवंत होती. तोंतीकडे माणसं, होड्या आणि मूलनिवासी मित्र होते, आणि जायची इच्छा होती. त्याला खरी गोष्ट १६८९ मध्ये कळली. हे लोक फ्रान्सला पोचल्यावरही राजाने जहाज पाठवलं नाही.

मागे राहिलेले

१६८८ च्या अखेरीस कारांकावांनी बेसावध वस्तीवर हल्ला केला. कारांकावा बायकांनी काही मुलांना पाठीवर घेऊन वाचवलं. त्यांत तालों कुटुंबातली चार भावंडं होती. त्यांचे वडील आधीच रानात हरवले होते. आई त्यांच्या डोळ्यांदेखत मारली गेली. एप्रिल १६८९ मध्ये अलोन्सो दे लेओनचं स्पॅनिश पथक आलं तेव्हा त्यांना तीन प्रेतं, फुटकी घरं, विखुरलेली पुस्तकं आणि आठ तोफा दिसल्या. तोफा त्यांनी पुरल्या. त्या १९९६ मध्ये जशाच्या तशा सापडल्या आणि वस्तीची जागा पक्की झाली. फ्रेंच येणार या धास्तीने स्पेनने जमिनीवरून आणि समुद्रावरून एकूण अकरा शोधमोहिमा काढल्या, आणि पुढे पूर्व टेक्सासमध्ये स्वतःची ठाणी वसवायला सुरुवात केली.

तालों मुलं स्पॅनिशांनी १६९० आणि १६९१ मध्ये सोडवून मेक्सिकोला व्हाइसरॉयच्या घरी नेली. त्यांच्या चेहऱ्यांवर गोंदण होतं. मोठे होऊन त्यांच्यातले थोरले मुलगे स्पॅनिश आरमारात भरती झाले, त्यांचं जहाज फ्रेंचांनी पकडलं, आणि १६९८ मध्ये फ्रेंच अधिकाऱ्यांनी पिएर आणि झाँ-बातिस्त या दोघा भावांची तपशीलवार जबानी घेतली. वस्ती कशी संपली ते आपल्याला मुख्यतः या जबानीतून कळतं. मिसिसिपीचं मुख शोधायला इबरव्हिल या फ्रेंच अधिकाऱ्याची मोहीम तेव्हा निघायच्या बेतात होती. १६९९ मध्ये इबरव्हिलला समुद्राकडून मिसिसिपीचं मुख सापडलं. ही तीच नदी, याची खात्री त्याला एका मूलनिवासी प्रमुखाने जपून ठेवलेल्या तोंतीच्या पत्राने पटली. तेरा वर्षं ते पत्र सांभाळलं गेलं होतं.

शेवटच्या प्रवासात ला सालने पिएर तालोंला बरोबर घेतलं होतं. सुमारे दहा वर्षांच्या या पोराला हसिनाईंमध्ये ठेवायचं आणि त्यांची भाषा शिकू द्यायची, असं त्याने ठरवलं होतं. त्याचा धाकटा भाऊ रोबेर येतानाच्या प्रवासात समुद्रावर जन्मलेला, ला सालच त्याचा धर्मपिता. १७१४ मध्ये सें-दनी हा फ्रेंच अधिकारी लुइझियानातून टेक्सास ओलांडून रिओ ग्रांदे नदीकडे निघाला, तेव्हा पिएर आणि रोबेर त्याचे वाटाडे होते.